बाळासाठी पहिला कॅमेरा: आधी सांगा, तो धरणार कोण?

हुपरीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. दिवाळीनंतर घरात पहिलं बाळ येणार. बाळंतपण पत्नीच्या माहेरी, गडहिंग्लजला. कॅमेरा आजवर कधी हातात धरलेला नाही. बजेट ३५ हजार, फार ताणलं तर ४०. दुकानदार म्हणतो दोन लेन्सचं किट घ्या, पोर मोठं झालं तरी उपयोगी पडेल. मेहुणा म्हणतो कॅमेराबिमेरा सोडा, चांगला फोन घ्या. "मॅडम, फार खोलात न जाता एकच नाव सांगा."

नाव सांगते, पण थोडं खोलात जाऊनच. कारण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून मोकळे झालात: बाळंतपण गडहिंग्लजला. म्हणजे पहिला सव्वा महिना, आणि बऱ्याच घरांत तीन महिने, बाळ तिकडं आणि तुम्ही हुपरीत. तुम्ही जाणार रविवारी, जेवून संध्याकाळी परतणार. बाळाची पहिली जांभई, पहिली अंघोळ, आजीच्या पायांवरची मालीश, हे सगळं मंगळवारी दुपारी घडणार. तेव्हा कॅमेरा तुमच्या पैशांचा असला तरी तो धरणार मेहुणी, किंवा मेहुणा, किंवा एका हाताने बाळ सांभाळत बाळाची आईच. दुकानात तुमच्या हातात कॅमेरा कसा बसतो ते बघून काही उपयोग नाही. आधी दोन गोष्टी नक्की करा: खोली कसली आहे आणि हात कुणाचे आहेत.

खोलीचं मला माहीत आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतला आमचा स्टुडिओ वडिलांनी रोलच्या जमान्यात सुरू केला, मी गेली २२ वर्षं तो चालवते. बाई असल्याचा एक फायदा असा की बारशाला गेलं की मला थेट आत नेतात. पुरुष फोटोग्राफर सोप्यात चहा पीत बसतात. त्यामुळे जिल्ह्यातल्या बाळंतिणीच्या खोल्या मी भरपूर पाहिल्यात. घरातली सगळ्यांत आतली खोली. वारं लागू नये म्हणून खिडकी बंद, वर जाड पडदा. भिंती गुलाबी नाहीतर पोपटी. छताजवळ एक ट्यूबलाइट. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओवा-शेपाची धुरी. फोटोसाठी याहून वाईट जागा मुद्दाम शोधूनही सापडायची नाही, आणि तुमचे पहिले शंभर फोटो तिथंच निघणार आहेत.

आता दुकानदाराचं किट त्या खोलीत नेऊन बघू. किटमधली १८-५५ लेन्स झूम केली की तिचं तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडतं. अशा एका ट्यूबच्या खोलीत आयएसओ (आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून घेतो तो आकडा) ३२०० ठेवलं तरी शटर (उजेड आत यायला मिळणारा वेळ) १/२५ सेकंदाच्या आसपास येतं. गाढ झोपलेल्या बाळाचा फोटो १/६० ला निघतो. जागं बाळ हातपाय झाडतं, तेव्हा किमान १/२०० हवं. रांगायला लागलं की त्याहूनही वेगवान शटर लागतं. १/२५ ला हात म्हणजे नुसती रेघ. मग लोक म्हणतात, "कॅमेरा बरा नाही, फोटो हलतात." कॅमेरा बराच असतो, त्याच्यापर्यंत उजेडच पोचत नाही.

एफच्या आकड्याचा हिशेब उलटा आहे, तो एकदा डोक्यात बसवा: आकडा लहान तेवढं तोंड मोठं. एफ ५.६ च्या जागी एफ २.८ ची लेन्स लावली की चौपट उजेड आत येतो आणि तेच शटर १/१०० वर जातं. एफ १.८ असेल तर जवळपास दहापट, म्हणजे १/२५०. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, बदलून एवढा फरक पडत नाही. २०१७ च्या बॉडीऐवजी २०२३ ची घेतली तर उजेडात एवढी मजल मारता येत नाही. सात-आठ हजारांच्या लेन्सने मारता येते. म्हणून माझं गणित सरळ आहे. बॉडी जुनी चालेल, लेन्स उजेडाची हवी.

किटमधली दुसरी लांब लेन्स, ५५-२५० किंवा ७०-३००, ती तर खोलीत निरुपयोगीच. १० बाय १२ च्या खोलीत ती लावून मागं मागं सरकलात तर कपाटाला पाठ टेकेल आणि तरी फ्रेममध्ये बाळाचं नाकच येईल. दोन वर्षांनी पोर रंकाळ्यावर पळायला लागलं की ती कामाची. तेव्हा घ्या.

मेगापिक्सेलचं भूतही इथंच उतरवते. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. ८ बाय १२ ला पावणेनऊ पुरतात. भिंतीवर १२ बाय १८ ची फ्रेम लावायची तर साडेएकोणीस. गेल्या दहा वर्षांतल्या जवळजवळ कुठल्याही २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे सगळं बसतं. त्यापुढच्या आकड्यासाठी पैसे देऊ नका.

मेहुण्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. फोन सतत हाताशी असतो, आणि जो जवळ आहे तोच फोटो काढतो. व्हिडिओ तर फोनवरच काढा. बाळाचा आवाज, हुंकार, आजीचं अंगाईगीत फोनमध्ये छान येतं आणि लगेच तुम्हाला पाठवताही येतं. फोन अडतो दोन ठिकाणी. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, नखाएवढा, त्यामुळे कमी उजेडात तो अनेक फोटो एकावर एक चढवून एक बनवतो. बाळ हललं की गालाचं मेण होतं. आणि फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. बाळ छोटं, म्हणून माणूस जवळ जातो, आणि जवळून रुंद लेन्सने काढलं की नाक मोठं, कान गायब. आजी म्हणते, "हे आमच्या वळणावर गेलेलं दिसत नाही." बाळ वळणावरच गेलेलं असतं, फोन चुकीच्या अंतरावर असतो. दोन-तीन पावलं मागं जाऊन फोनमध्ये २एक्स करून काढा, निम्मी तक्रार मिटेल. पत्नीकडे गेल्या दोन-तीन वर्षांतला बरा फोन असेल आणि सासरी कुणालाच कॅमेऱ्याची हौस नसेल, तर खरं सांगते, कॅमेरा घेऊच नका. कपाटातल्या कॅमेऱ्याला बाळ दिसत नाही.

हौस आहे असं धरून पुढं जाते.

नवख्या माणसाला सगळे ५० एमएम एफ १.८ घ्या म्हणतात (एमएमचा आकडा जेवढा मोठा, तेवढं जवळचं आणि अरुंद दिसतं). मीही वर्षानुवर्षं सांगत होते. स्वस्त, हलकी, मागचं सगळं मऊ धूसर करणारी. पण ती लेन्स देऊन पाठवलेल्या लोकांचे फोटो परत आले की दहांतले सहा-सात फोकस चुकलेले असायचे. कारण साधं आहे. एफ १.८ ला, दोन फुटांवरून, त्या लेन्सचा तीक्ष्ण पट्टा जेमतेम एक सेंटीमीटरचा असतो. बाळाच्या पापणीवर फोकस केला तर नाकाचा शेंडा गेला. तुम्ही श्वास घेतलात तरी पट्टा सरकतो. मला ते सवयीनं जमतं, तुमच्या मेहुणीला पहिल्या आठवड्यात कसं जमणार? दुसरी अडचण जागेची. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम लावून सहा फुटांवर उभं राहिलं तर फ्रेममध्ये जेमतेम पावणेतीन फूट रुंदी मावते. बाळ येईल, मांडी घालून बसलेली आई गुडघ्यात कापली जाईल, शेजारची आजी बाहेरच.

म्हणून तुमच्यासाठी माझी निवड वेगळी आहे: कॅननची २४ एमएम एफ २.८, जिला धंद्यात पॅनकेक म्हणतात. भाकरीएवढी नाही, पण पुरीएवढी म्हणा. सव्वाशे ग्रॅम वजन. दोन फुटांच्या जरा आतून काढलं तरी हिचा तीक्ष्ण पट्टा साडेचार सेंटीमीटरच्या आसपास येतो, म्हणजे बाळाचा अख्खा चेहरा सुखरूप. सहा फुटांवरून साडेपाच फूट रुंदी मावते: आई, बाळ, आजी आणि आजीच्या मांडीवरची तेलाची वाटी. शिवाय १६ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस होतो, त्यामुळे पायाची बोटं, मनगटावरचे काळे मणी फ्रेमभर निघतात. फक्त चेहऱ्याचा फोटो फार जवळून घेऊ नका, फोनचा दोष इथंही थोडा आहेच.

आणि बॉडी? वापरलेला कॅनन २००डी. जमलं तर त्याचा पुढचा अवतार, २००डी मार्क दोन. हे झालं तुमचं नाव.

का, ते सांगते. याचा स्क्रीन बाजूला उघडतो, फिरतो आणि बोटाने चालतो. मेहुणीने फोनसारखं स्क्रीनवर बाळाच्या डोळ्यावर बोट ठेवायचं, कॅमेरा तिथं फोकस करून फोटो काढतो. स्क्रीनवर बघून इतका झटपट फोकस त्या काळच्या स्वस्त डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, फार थोड्यांना जमत होता. १५००डी आणि ३०००डी स्वस्त पडतात, पण त्यांचा स्क्रीन ना फिरतो ना बोटाने चालतो, आणि स्क्रीनवरून फोकस करायला ते इतका वेळ लावतात की जांभई संपून उचकी सुरू होते. निकॉन डी३५०० मधून फोटो फार सुंदर येतात, मी स्वतः तो लोकांना दिलाय, पण डोळा लावून काढायची सवय असलेल्याला. डी५६०० ला फिरता टच स्क्रीन आहे, पण स्क्रीनवरचा फोकस आळशी. निकॉनच घेणार असाल तर एक सांभाळा: या दोन्ही बॉड्यांत फोकसची मोटर नाही. म्हणून जुन्या 'डी' जातीच्या लेन्स त्यांच्यावर हाताने फिरवाव्या लागतात. स्वस्त मिळते म्हणून ५० एमएमची तसली लेन्स घेऊन आलेले तीन जण मला आठवतात.

मिररलेसचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचं म्हणाल तर काळ त्यांचाच आहे. निकॉनने डी३५०० आणि डी५६०० बनवणं केव्हाच थांबवलं. पण नवा कॅनन आर५० तुमच्या बजेटमध्ये लेन्ससकट बसत नाही. आर१०० स्वस्त, पण त्याचा स्क्रीन बोटाने चालत नाही, म्हणजे आपल्या कामाची नेमकी गोष्ट तिथं नाही. जुना सोनी ए६००० अजून छान फोटो काढतो, टच त्यालाही नाही. वापरलेला कॅनन एम५० आणि त्याची २२ एमएम एफ २ लेन्स चांगल्या स्थितीत, योग्य भावात मिळाली तर मी तुम्हाला २००डी सोडून ती घ्या म्हणेन: लहान, हलकी, उजेडाला अजून उदार. त्या जातीच्या लेन्स कंपनीने बंद केल्या, म्हणून पुढं वाढायला वाव नाही, एवढं माहीत असू द्या. डोळा आपोआप ओळखण्याच्या जाहिरातींवर मात्र नवजात बाळासाठी फार पैसे ओतू नका. मिटलेले डोळे, आडवं तोंड, निम्मा चेहरा कुंचीत, यात ती यंत्रणा माझ्या अनुभवात सारखी गडबडते. बोट जास्त भरवशाचं.

पैशांचा हिशेब साधारण असा बसतो. २००डी, १८-५५ लेन्ससकट, बऱ्या स्थितीत २३ ते २८ हजार. वापरलेली २४ एमएम सहा ते आठ. ३२ जीबीचं चांगलं कार्ड आणि एक जादा बॅटरी. भाव हंगामाप्रमाणे हलतात. आपल्याकडे लग्नसराई आटोपली, आषाढ लागला, की फोटोग्राफर लोक जुनं काढतात, तेव्हा माल भरपूर असतो. दिवाळीच्या तोंडावर तेच लोक विकायला तयार नसतात. तेव्हा आत्तापासून नजर ठेवा.

वापरलेला कॅमेरा म्हटलं की लोक दचकतात. दचकू नका, तपासा. एन्ट्री लेव्हलच्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकचं धरतात. लग्नात राबलेला कॅमेरा दोन हंगामांत तिथं पोचतो, हौशी कॉलेजकुमाराचा पाच वर्षांतही दहा-बारा हजारांवर असतो. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीत सापडतो. कॅननमध्ये मेनूत दिसत नाही, संगणकाला जोडून काढावा लागतो, आणि विकणारा ते करू देत नसेल तर नमस्कार करून निघा. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसेल. धूळ साफ होते, ओरखडा नाही. स्क्रीन चारही दिशांना फिरवून बघा, सगळ्या कोपऱ्यांत बोट लावून बघा. बॅटरी फुगलेली नको. मूळ बिल मागा.

आणि लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात हा रोग हमखास होतो. मी धंद्यात नवी असताना एका विक्रेत्याकडून अशीच लेन्स उचलून आणली होती, दिवसा दुकानात काही दिसलं नाही, रात्री घरी टॉर्च मारला तर आत जंगल. परत घ्यायला त्याने साफ नकार दिला. वरची काच साफ करता येते, आतली बुरशी कोटिंग खाते. विकत घेतल्यावर तुमच्याही घरी तेच होऊ नये म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, जूनपासून तर नक्कीच. कातडी बॅगेत घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला बाळंतपणाची खोली देणं.

आता उजेडाकडे. कोल्हापूरच्या माणसाला उजेडाची वेळ शिकवायची गरज नसावी. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ ला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला अंबाबाईच्या किरणोत्सवाला आपण घड्याळ लावून उभे असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरण, मग वर वर. तोच हिशेब सासरवाडीच्या घरात करा. पुढच्या रविवारी गेलात की दिवसभर बघा, कुठल्या खिडकीत किती वाजता उजेड येतो. थेट ऊन नको. खिडकीतून आकाश दिसतं पण ऊन पडत नाही, अशी जागा शोधा. सकाळी मालीश आणि अंघोळ होते त्या वेळी त्या खिडकीचा पडदा पंधरा मिनिटं बाजूला करू द्या एवढीच विनंती सासूबाईंना करा. झडप बंदच राहू दे, काचेतून उजेड येतो, वारं येत नाही. ऊन येतच असेल तर पांढरं धोतर किंवा चादर आडवी धरा. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी आपल्या कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवून १९२० साली पडद्यावर 'सैरंध्री' आणली, तेव्हाच्या स्टुडिओतला मुख्य दिवा सूर्यच होता आणि ऊन मऊ करायला कापडच ताणत. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्मोकोलचा तुकडा उभा केला की गालावरची सावली उजळते. खर्च चाळीस रुपये.

खिडकीचा उजेड घेताना ट्यूब बंद करा. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की अर्धं बाळ निळसर, अर्धं हिरवट दिसतं. पोपटी भिंतीजवळही तसंच. पहिल्या आठवड्यात बऱ्याच बाळांना थोडी कावीळ असते, त्यात पिवळा बल्ब म्हणजे फोटोत हळदीकुंकूच. फोटोवरून कावीळ वाढली की उतरली हे मात्र ठरवू नका, ते डॉक्टरांचं काम.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरू नका. बाळ दचकतं, फोटो चपटा येतो, मागं काळी सावली. पूर्ण ऑटोवर ठेवलंत तर तो आपोआप उघडतो, म्हणूनच ऑटो नको. एक गोष्ट मात्र याच निमित्ताने लक्षात ठेवा. कुणाच्याही फ्लॅशच्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता परत परत पांढरी चमकत असेल, तर वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. कारण दर वेळी गंभीर असेलच असं नाही, पण कधी कधी ते दृष्टिपटलाच्या गाठीचं लक्षण असतं आणि ते लवकर कळणं फार मोलाचं.

सेटिंग एकच लावून द्या. वरच्या चकतीवर 'टीव्ही' असं लिहिलेलं दिसेल; टेलिव्हिजनशी त्याचा संबंध नाही, ती शटरची वेळ. ती दिवसा खिडकीपाशी १/२००. रात्री ट्यूबखाली १/१००. रात्रीचा आकडा मी उगाच सांगत नाही: आपली वीज ५० हर्ट्‌झची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, १/१०० ला एक पूर्ण लुकलुक पकडली जाते. त्याहून वेगात काढलं तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट, कधी आडवे पट्टे. आयएसओ ऑटोवर, कमाल ६४००. थोडे दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार पण तीक्ष्ण फोटो आजीला आवडतो, गुळगुळीत हललेला नाही. कमी उजेडात लेन्स आपोआप पूर्ण उघडते, बाकी काही बघायचं नाही. मग त्या चकतीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी पट्टी लावली त्यांचे फोटो आले, ज्यांना मी पाच मोड शिकवले त्यांचे फोनही आले, "मॅडम, स्क्रीन काळाच दिसतोय."

खोलीतले काही नियम. धुरी चालू असताना कॅमेरा बाहेर ठेवा आणि त्या खोलीत लेन्स बदलू नका. तेलाच्या बोटांचा ठसा लेन्सवर पडणारच, मऊ कापड ठेवा, पदराने पुसू नका. बाळाच्या वर कॅमेरा धरताना पट्टा गळ्यात हवा आणि लेन्सचं झाकण खिशात, हातात नाही. इंटरनेटवर दिसणारं हनुवटीखाली हात घेतलेलं बाळ किंवा परडीत उभं बाळ घरी करायला जाऊ नका; असे फोटो आम्ही दोन वेगवेगळे फोटो जोडून करतो, प्रत्येकात कुणीतरी बाळाचं डोकं धरलेलं असतं, ते नंतर पुसतो. काही घरांत बारशाआधी चेहऱ्याचा फोटो चालत नाही, दृष्ट लागते म्हणतात. वाद घालू नका. मूठ, तळपाय, टाळूवरचं जावळ, दुपट्यातून बाहेर आलेलं एक बोट यांचे फोटो काढा. माझ्या संग्रहातले सगळ्यांत चांगले फोटो त्या बंदीतूनच आलेत.

शेवटचं, आणि हे मी स्वतःवरून सांगते. माझ्या मुलाचे पहिल्या सहा महिन्यांचे फोटो एका हार्ड डिस्कवर होते. लोकांच्या लग्नांचे बॅकअप दोन-दोन ठिकाणी, घरचे एकाच. डिस्क एका सकाळी टकटक करून गप्प झाली, आणि डेटा काढून देणाऱ्याने हात वर केले. आज माझ्याकडे त्या सहा महिन्यांतले ११ फोटो आहेत. सासूबाईंनी हट्टाने ४ बाय ६ चे प्रिंट काढून घेतले होते, साडीच्या घडीत ठेवले होते, तेच. म्हणून दर रविवारी गडहिंग्लजला गेलात की कार्ड रिकामं करा, पण एक प्रत फोनवर किंवा संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर झाल्याशिवाय कार्ड पुसू नका. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत धरू नका, तो फोटो बारीक करून पाठवतो. आणि महिन्याला वीस प्रिंट काढा. लेन्सच्या पैशातून पाचशे रुपये त्यासाठी बाजूला ठेवले तरी चालतील.

थोडक्यात: वापरलेला २००डी, २४ एमएम लेन्स, खिडकी, चिकटपट्टी, प्रिंट. घरी उजेड चांगला आहे आणि कॅमेरा धरणाऱ्याला आधीची सवय आहे असं निघालं, तर २४ च्या जागी ५० एमएम एफ १.८ घ्या, बाळ सहा महिन्यांचं होऊन बसायला लागलं की तीही घ्याच, तोवर सगळ्यांचे हात बसलेले असतील.

कॅमेरा मात्र दिवस भरण्याच्या महिनाभर आधी घ्या आणि मेहुणीकडे नेऊन द्या. सराव कशावर करायचा असं ती विचारेल. बारशाला आपण वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करतो ना, तोच गोविंद घ्या. दुपट्यात गुंडाळा, पलंगावर ठेवा, ट्यूब लावा आणि कुंचीच्या कडेवर बोट ठेवून पन्नास फोटो काढा. काळ्या गुळगुळीत दगडावर फोकस बसत नाही, कडेवर बसतो. बाळाच्या गालाचं आणि पापणीचंही तसंच आहे. वरवंटा उचलण्याआधी सासूबाईंना सांगा, नाहीतर संध्याकाळी चटणीच्या वेळी शोधाशोध होईल.